गिल्ट फंड आणि शेअर, दोन्ही एकत्र सांभाळताना: सतरा महिन्यांचा अनुभव

जुलै २०२४ मध्ये माझी एक मुदत ठेव संपली. ते ६ लाख रुपये मी गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात टाकले. डायरेक्ट प्लॅन (मधला एजंट नाही), ग्रोथ पर्याय (नफा फंडातच राहतो). आता डिसेंबर २०२५ संपत आलाय. फंडाचं नाव देत नाही, कारण जे सांगायचंय ते या प्रकारच्या बहुतेक फंडांना लागू पडतं.

मी मुळात शेअरवाली. वार्षिक अहवाल वाचून, कर्ज किती, नफ्यातला पैसा खरंच हातात येतो का हे बघून शेअर घ्यायचे आणि मग वर्षानुवर्षं हलवायचे नाहीत, ही सवय. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच जण पार्ल्यात भेटतो. एकाचा दातांचा दवाखाना आहे, रविवारी बंद असतो. तिथल्या बाकांवर अहवाल पसरून, थर्मासातला चहा घेत दोन-अडीच तास बोलणं चालतं. आमच्यातले काका विमा कंपनीतून निवृत्त झालेत. त्यांनीच मला एकदा विचारलं, "तुझे शेअर चांगले आहेत गं, पण ते स्वस्त मिळतात तेव्हा तुझ्याकडे पैसे असतात का?"

नव्हते. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंशांहून जास्त पडला, तेव्हा ज्या कंपनीसाठी मी तीन वर्षं थांबले होते ती मिळण्याजोग्या भावात आली होती. पैसे होते ठेवीत, आणि व्याज बुडेल म्हणून ठेव मोडायला हात धजावला नाही. तो भाव पुन्हा आला नाही. ही चुटपुट माझ्या मनातून कधी गेलीच नाही.

म्हणून गिल्ट फंड. यात किमान ८० टक्के रक्कम सरकारी रोख्यांत असते, त्यामुळे पैसे बुडण्याची धास्ती जवळजवळ नाही. एप्रिल २०२० मध्ये एका फंड घराण्याने सहा डेट योजना, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे लावणाऱ्या योजना, एकदम बंद केल्या, तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या वहिनींचे पैसे त्यात अडकले होते. टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण मधला काळ वाईट गेला. तेव्हापासून कमी दर्जाच्या कर्जरोख्यांवर अर्धा-एक टक्का जास्त मिळवायचा मोह आम्ही सोडला. जोखीम घ्यायची ती शेअरमध्ये घ्यावी, तिथे तिचा मोबदला तरी नीट मिळतो.

पहिले नऊ महिने फंड छान चालला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. व्याजदर उतरतात तेव्हा जुन्या, जास्त व्याजाच्या रोख्यांची किंमत वाढते, आणि फंडाची एनएव्हीही, म्हणजे एका युनिटची किंमतही. तिकडे शेअर बाजार सप्टेंबर २०२४ पासून घसरत होता. निफ्टी २६,२७७ पर्यंत जाऊन आला होता. ७ एप्रिलला, सोमवारी, अमेरिकेच्या आयातशुल्काच्या बातमीने तो २१,७४३ पर्यंत खाली गेला.

त्या दिवशी दुपारी एक वाजता मी ऑफिसातून फंडाचं खातं उघडलं. ६ लाखांचे ६ लाख ४८ हजार दिसत होते. सगळं लाल असताना ही एक ओळ हिरवी होती. तीनच्या आत २ लाख रुपये काढण्याची विनंती टाकली. एक्झिट लोड, म्हणजे पैसे काढल्याचा आकार, नव्हता. पैसे बुधवारी, ९ तारखेला खात्यात आले. त्याच सकाळी रिझर्व्ह बँकेने रेपो सहा टक्क्यांवर आणला होता. दहाला महावीर जयंतीची सुट्टी. नऊ आणि अकरा अशा दोन दिवसांत मी एका बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीचे आणि एका खासगी बँकेचे शेअर घेतले. दोन्ही नावं माझ्या वहीत दोन वर्षांपासून होती, शेजारी 'या भावाला घ्यायचे' असं लिहिलेलं. मला घाई करावी लागली नाही, कुणाला विचारावं लागलं नाही, ठेव मोडावी लागली नाही. या एका आठवड्यासाठी मी या फंडाला पैकीच्या पैकी गुण देते.

कर मात्र लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा, कितीही वर्षं ठेवा, तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच करपात्र. इंडेक्सेशन, म्हणजे महागाईइतका नफा करातून वगळण्याची सवलत, गेलं. मी काढलेल्या २ लाखांत नफा होता सुमारे १४,८०० रुपयांचा, त्यावर तीस टक्के आणि उपकर धरून साडेचार हजारांवर कर बसला. ठेवीच्या व्याजावरही तेवढाच बसतो. फरक इतकाच की फंडात पैसे काढेपर्यंत कर लागत नाही.

आता चूक सांगते, कारण तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

पार्ल्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. सध्या जोगेश्वरीत भाड्याने राहतो. नव्या घरात थोडी वाढीव जागा आम्ही विकत घेतोय, त्याचे पैसे बिल्डरला २०२७ मध्ये ताब्याच्या वेळी द्यायचेत. त्यासाठी बाजूला काढलेले २ लाख होते. मे २०२५ मध्ये गिल्ट फंडांचा एका वर्षाचा परतावा दोन आकडी दिसत होता. माझ्या बँकेतला माणूस म्हणाला, "ताई, हे एफडीसारखंच आहे, सरकारी आहे." मला फरक माहीत होता. तरीही तो दोन आकडी परतावा डोळ्यांसमोर नाचत होता, आणि मी तेही पैसे त्याच फंडात टाकले.

६ जूनला रिझर्व्ह बँकेने एकदम अर्धा टक्का कापून रेपो ५.५० वर आणला. मी खूश. पण त्याच दिवशी धोरणाची भूमिका बदलून 'तटस्थ' केली, म्हणजे यापुढे फार कपात होईलच असं धरू नका. रोख्यांचा बाजार पुढचं बघतो. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा त्याआधी सव्वासहाच्या आसपास होता, तो ऑगस्टअखेर साडेसहाच्या वर गेला. बाजारात हा परतावा वाढला की हातातल्या रोख्यांची किंमत पडते. तीस वर्षांचे रोखे त्याहून जास्त आपटले. दर कमी झाले आणि फंडही पडला, हे घरी समजावून सांगताना माझी दमछाक झाली.

फंडाची फॅक्टशीट, म्हणजे त्याचं माहितीपत्रक, घेऊन बसले. त्यात 'मॉडिफाइड ड्युरेशन' अशी एक ओळ असते, आकडा ९.८ होता. हिशोब सोपा आहे: बाजारातला परतावा एक टक्का वाढला तर एनएव्ही साधारण ९.८ टक्के पडते, पाव टक्का वाढला तर अडीच टक्के. पेन्सिलने ओळीशेजारी लिहिलं आणि पोटात गोळा आला, कारण हे मला घेण्याआधीच करता आलं असतं. शेअरचा ताळेबंद तीनदा वाचणारी मी, फंडाची एक ओळ वाचली नव्हती. शिवाय गिल्ट फंडाचा व्यवस्थापक हा आकडा हवा तसा वरखाली करू शकतो. माझ्या फंडाने ऑक्टोबरपर्यंत तो बराच खाली आणला होता, तोवर घसरण खाऊन झाली होती.

बिल्डरचे पैसे ऑक्टोबरमध्ये काढले, २ लाखांचे १ लाख ९६ हजार मिळाले. ते २०२७ मध्ये मुदत संपणाऱ्या टार्गेट मॅच्युरिटी फंडात ठेवले. त्यात रोखे मुदतीपर्यंत धरलेले असतात, ड्युरेशन दर महिन्याला आपोआप कमी होत जातं. तारखेला लागणाऱ्या पैशाला हेच योग्य. काकांनी मे महिन्यातच हे सुचवलं होतं.

उरलेले ४ लाख ४८ हजार आज ४ लाख ५४ हजारांच्या आसपास आहेत. डिसेंबरमध्ये रेपो ५.२५ झाला, तरी फंडात काही उसळी आली नाही. नुसता परतावा मोजला तर मुदत ठेवीनेही साधारण इतकंच दिलं असतं, कदाचित थोडं जास्तच. म्हणून ज्यांच्याकडे शेअर नाहीत, ज्यांना पडलेल्या बाजारात खरेदी करायची नाही, त्यांना मी हा फंड सुचवणार नाही. निवृत्तीवेतनावर जगणाऱ्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजना बरी.

माझ्यापुरतं, शेअर आणि रोखे यांचं प्रमाण मी ७० आणि ३० ठरवलंय. शेअर पंचाहत्तरीच्या वर गेले की नवी बचत फंडात, पासष्टच्या खाली आले की फंडातून शेअरकडे. एप्रिलमध्ये घेतलेले दोन्ही शेअर तसेच आहेत, विकायचा विचारही नाही. वहीत आता तिसरं नाव आहे, पंप बनवणारी एक कंपनी, अजून महाग आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिचा अहवाल दवाखान्यात घेऊन जाणार आहे, आणि फंडाची नवी फॅक्टशीटही.