तीनशे पंधरा म्हणून दाखवलेली रायफल

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत ओळख झालेल्या एका एजंटाला मी रायफलीसाठी साठ हजार रुपये दिले. रोख, आणि तेही एक झेरॉक्स बघून. वाचताना 'याची अक्कल कुठं गेली होती' असं वाटलं तर वाटू द्या. घरी रोज तेच ऐकतोय.

मोहोळ तालुक्यात आमचा ऊस आणि मका. रानडुकरं एका रात्रीत मका लोळवून जातात. पीक संरक्षणाचं लायसन माझ्या नावावर आहे, त्यावर .३१५ बोअरची रायफल मंजूर (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचात). (शिकारीला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे आणि डुकरासाठीसुद्धा वन खात्याची परवानगी लागते, हे मला माहीत आहे.) लायसन हातात होतं, बंदूक नव्हती आणि घ्यायची मुदत संपत आली होती. एजंटानं नेमकं तेच हेरलं.

तो म्हणाला, एका जुन्या सरदार घराण्यातली शिकारी रायफल आहे, इंग्रज साहेबानं ऑर्डर देऊन बनवून घेतलेली. अक्कलकोटचं शस्त्रागार मी शाळेच्या सहलीत पाहिलंय, त्यामुळे असलं काही ऐकलं की माझं डोकं चालायचं थांबतं. विजापूर रोडवरच्या एका बंगल्यात त्यानं ती दाखवली. अक्रोडाचा दस्ता, नळी आखूड केलेली, नवं काळं पॉलिश. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, बोअरचा शिक्का नाही. विचारलं तर म्हणे, "साहेब लोक स्वतःच्या बंदुकीवर नाव टाकत नव्हते ओ. खास बनवलेली चीज आहे ही."

मग त्यानं खिशातून .३१५ चं एक काडतूस काढलं आणि गोळीचं टोक नळीच्या तोंडात टेकवलं. थोडं आत गेलं, थांबलं. "बघा, फिट!" मी मान हलवली. आता कळतं की या खेळाला काही अर्थ नाही. गोळी पुढे निमुळती असते, ती कुठल्याही जवळपासच्या बोअरच्या नळीत थोडी आत जाऊन थांबणारच. तेच काडतूस मागून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, घालायला सांगायला हवं होतं. पण "घरात भरायची नसते" म्हणून त्यानं ते लगेच खिशात टाकलं आणि मला ते शहाणपणाचं वाटलं!

मालकाच्या लायसनच्या झेरॉक्सवर शस्त्राचा नंबर असतो त्या रकान्यावर नेमकी काळी पट्टी आली होती. मशीन खराब होतं म्हणे. एक लाख साठ हजाराला सौदा, साठ इसार, बाकीचं दोन दिवसांत. खासगी विक्रीला जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, ही गोष्ट मला इसार दिल्यावर कळली. सांगितली ती आमच्या भागातल्या एका लायसनधारक बंदूक दुरुस्तीवाल्या चाचांनी. मी मोबाइलमधला फोटो दाखवला तर त्यांनी तो मोठा केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही एनफिल्डची बॉडी आहे. आता बोअर कुठला ते फोटोत दिसत नाही की ओ. त्याला म्हणावं दुकानात घेऊन ये, माझ्यासमोर."

घोळ समजून घ्यायचा तर थोडं मागं जावं लागतं. इंग्रजांनी फौजेच्या .३०३ चं काडतूस सामान्य लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून ते बोअर बंद ठेवलं. त्यामुळे इथं शिकारीसाठी .३१५ रुजलं. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्यानं .३१५ ची रायफल बनवली तीही फौजेच्या .३०३ रायफलीच्या, म्हणजे त्याच ली-एनफिल्डच्या बांधणीवर. थ्री नॉट थ्री (.३०३) आजही प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे साध्या लायसनवर मिळत नाही; .३१५ तसं नाही. म्हणजे फौजेच्या जुन्या रायफलचं लाकूड बदललं, नळी कापली, शिक्के घासले, की वरून बघणाऱ्याला दोन्हींत फरक सांगणं अवघड.

एजंट दुकानात आला, हे विशेष. बहुतेक बाकीच्या एक लाखाची आशा होती. चाचांनी आधी रजिस्टर उघडलं, मग बोल्ट काढून नळी रिकामी आहे ना ते पाहिलं. नळीत तेल सोडलं, मऊ शिशाचा एक गोळा तोंडावर ठेवला आणि लाकडी दांड्यानं हळूहळू ठोकत पार केला. बाहेर आलेल्या शिशावर नळीच्या आतल्या खाचा उमटल्या होत्या. पाच, डावीकडं वळणाऱ्या. पाच खाचांत एकीच्या समोर दुसरी येत नाही, त्यामुळे साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. चाचांकडे त्यासाठी व्ही आकाराच्या तोंडाचा वेगळा मायक्रोमीटर होता. माप आलं ०.३१२ इंच. .३१५ असती तर ०.३२३ च्या आसपास यायला हवं होतं. .३०३ हा आकडा खाचांमधल्या उंचवट्यांवरून पडलाय, गोळी त्याहून जाड असते, हेही तेव्हाच कळलं.

एजंट म्हणाला, झिजली असेल. चाचा हसले. "झिजली तर माप वाढतंय ओ, कमी होत नाही."

खात्री म्हणून त्यांनी चेंबरचा साचा घेतला. सेरोसेफ नावाचा एक मिश्रधातू येतो, उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला वितळणारा. तो ओतला की आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो आणि साधारण तासाभरानं चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. म्हणजे तासभर नुसतं बसायचं. चहा आला. एजंटाला फोन आला, तो "आलोच" म्हणून बाहेर गेला. साचा मापला तेव्हा केस (काडतुसाचं पितळी कवच) ५६ मिलिमीटर लांब, तळाशी कड, .३१५ च्या मानानं बारीक. सरळ थ्री नॉट थ्री. .३१५ ची केस ५० मिलिमीटरची असते आणि बुडाला जाड, ती या चेंबरमध्ये बसलीच नसती.

एजंट आला नाही. फोन बंद.

मला आधी वाटलं, पैसे गेले पण बंदूक तरी राहिली. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ८ त्यांना तोंडपाठ होतं. ओळखीची खूण नसलेलं हत्यार विकता येत नाही, आणि तसं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानंच खूण खोडली असं धरलं जातं. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. वर प्रतिबंधित बोअर. त्यांनी रायफलीला परत हातसुद्धा लावला नाही, तिथूनच पोलिसांना फोन केला.

एक प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. लायसनवर हत्यार त्याच्या नंबरानं चढतं. जिच्यावर नंबरच नाही ती रायफल त्या मालकाच्या लायसनवर चढली कशी? तेवढं विचारलं असतं तर शिसं, साचा, मायक्रोमीटर काहीच लागलं नसतं. आता कुणी अशी 'खास बनवलेली' दाखवली तर मी बोअर विचारतच नाही. नंबर विचारतो, आणि मूळ लायसन हातात मागतो.

रात्री साडेदहापर्यंत पंचनामा चालला. हवालदार लिहीत होते, चाचा सांगत होते.

"कंपनी?"
"नाही."
"नंबर?"
"नाही."
"बोअर?"
"थ्री नॉट थ्री."
"मालक?"

चाचा माझ्याकडे बघायला लागले, मी दाराकडे.