पोटाची भिंत: नुसते टाके की जाळी?

स्तन पुन्हा घडवायला पोटाचा भाग घेतला की खाली भिंत बंद करावी लागते. स्नायू जागेवर ठेवून फक्त त्वचा, चरबी आणि रक्तवाहिन्या घेतल्या असतील, तर स्नायूवरच्या मजबूत आवरणाला नुसता उभा छेद असतो. तिथे टाके बहुधा पुरतात. उशिरा विरघळणारा किंवा न विरघळणारा धागा, कडेपासून 5 मिमी आत, दर 5 मिमीला टाका; धाग्याची लांबी छेदाच्या निदान चौपट. ओढून आवळलेला टाका आवरण कापत जातो.

स्नायूच घेतला असेल तर गोष्ट वेगळी. बेंबीखाली काही अंतरावर स्नायूच्या मागचं मजबूत आवरण संपतं, म्हणून फुगवटा तिथेच येतो. ओढून शिवण्यापेक्षा मोठ्या छिद्रांची पॉलिप्रोपिलीन (एक प्लास्टिक) जाळी बरी, कडेपलीकडे 3 ते 5 सेंमी पसरलेली. मात्र जाळीला जंतुसंसर्ग झाला तर कधी ती काढावी लागते, पाणीही साचतं. साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी घाईने काढू नये; साधारणपणे 24 तासांत 30 मिलीपेक्षा कमी आलं की काढतात. फुगवटा म्हणजे दरवेळी हर्निया नव्हे: स्नायूचा मज्जातंतू दुखावला तरी पोट सैल पडतं, भोक नसतं.

मिरजेहून टाके किंवा जाळी घालून जतला परतणाऱ्या बाईला दोन्हीत पथ्य एकच: सहा आठवडे पट्टा, आणि भरलेली घागर नाही, ती सहज दहा किलोंची. मिश्री शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे बंद. ‘फक्त दाताला लावते’ हे चालत नाही, निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात जातं.