मामाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट

एफवायबीसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला, प्रवेश घेतला तेव्हा घरात नवा लॅपटॉप यायची शक्यता नव्हती. मामाने दुकानात धूळ खात पडलेला त्याचा दिला. 2015 सालचा, 4 जीबी रॅम, बॅटरी मेलेली. त्यावर विंडोज 10 होती. तिचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपणार होता आणि विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ती या मशीनमध्ये नाही. म्हणून 2024च्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत, घरात माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीची, धांदल चालू असताना, मी कोपऱ्यात बसून विंडोजऐवजी लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टीम घातली. फुकट आहे, आणि 2029पर्यंत अपडेट मिळणार. मिंटच्या तीन आवृत्त्यांपैकी मी सगळ्यात हलकी, एक्सएफसीई घेतली.

घालणं सोपं. पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. तिथेच कळलं की वायफाय दिसत नाही. मिंट घालून झाल्यावर फोन यूएसबी केबलने जोडला, त्याचं नेट घेतलं, ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, चाललं. हे आधी माहीत असतं तर एक अख्खी संध्याकाळ वाचली असती.

वेगाचं खरं सांगते. काहीही न उघडता साधारण 900 एमबी रॅम जाते, उरलेल्यात काम होतं. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडलेत तर मिंट काय, कोणीच वाचवणार नाही. आणि आता जो फरक सगळ्यांना दिसतो, त्यातला अर्धा म्हापशाला जाऊन बसवून घेतलेल्या एसएसडीचा, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कचा, आहे. नुसतं लिनक्स टाकून जुनी हार्डडिस्क पळायला लागत नाही.

आता कॉलेज. आमचं सी भाषेचं प्रॅक्टिकल टर्बो सी या जुन्या कंपायलरवर. निळी स्क्रीन, void main, clrscr(), शेवटी getch(). घरी तोच प्रोग्राम जीसीसीला, म्हणजे लिनक्सवरच्या सी कंपायलरला, दिला तर पहिल्याच ओळीवर अडतो: conio.h नावाची फाइल नाही. clrscr() आणि getch() तिच्यातूनच येतात. ती फाइल विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातली, सीच्या स्टँडर्डमध्ये कधी नव्हतीच. पहिले दोन आठवडे मी मिंटला शिव्या घातल्या, मग लक्षात आलं की चूक मिंटची नाही. आता घरी int main लिहून जीसीसीवर करते, जर्नलसाठी डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी उघडते. दोन्हीकडे करून बघितल्यामुळे व्हायव्हाला getch() कशासाठी, हे पाठ न करता सांगता आलं. कमांड टाइप करायच्या टर्मिनलची भीती आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने घालवली. त्यांचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

या सिस्टीममधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे टाइमशिफ्ट. ते सिस्टीमच्या प्रती काढून ठेवतं, बिघडलं की मागे जाता येतं. गेल्या पावसाळ्यात एका व्हिडिओत बघून लॉगिन स्क्रीन बदलायला गेले आणि समोर फक्त काळोख. दुसऱ्या दिवशी असाइनमेंट द्यायची होती. पेन ड्राइव्हवरून मिंट चालू केलं, टाइमशिफ्ट उघडलं, आदल्या रविवारची प्रत निवडली. मध्येच वीज गेली असती तर? (आमच्या गोव्यातल्या साखळीत पावसात वीज जाणं म्हणजे बातमी नव्हे.) नाही गेली. अर्ध्या तासात सगळं जागेवर. पण लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट सिस्टीम सांभाळतं, तुमच्या फाइली नाही. त्यांची प्रत वेगळी काढा.

मराठी टायपिंग छान. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडला की झालं. ‘दुसऱ्या’मधला तो ऱ शिफ्ट आणि जे दाबून येतो, मग डी, मग य. कॉलेजच्या अंकासाठी मराठीचे लेख मीच टाइप केले. फक्त लिब्रेऑफिसमधली (मिंटवरचं वर्डसारखं सॉफ्टवेअर) फाइल कॉलेजच्या लॅबमध्ये उघडली तेव्हा फाँट तिथे नव्हता आणि तक्ते घसरले. तेव्हापासून छापायला देताना पीडीएफच.

एक गोष्ट मात्र जमली नाही. एक ऑनलाइन परीक्षा कॅमेऱ्यावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून होती, ते लिनक्सवर उतरवताच येईना. हे कळलं परीक्षेच्या आदल्या रात्री साडेनऊला. मैत्रिणीचा लॅपटॉप मागून घेतला आणि सकाळच्या पहिल्या कदंबा बसने तिच्या घरी जाऊन पेपर दिला. तुम्ही लिनक्स घालणार असाल तर सत्राच्या सुरुवातीलाच सरांना विचारा, परीक्षा कशावर आहे. ऑटोकॅड (नकाशे-आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) लागणाऱ्यांनी तर विंडोज शेजारी ठेवाच.

या चवथीला मामा आला. स्क्रीन बघून म्हणाला, “कितें गो, नवो लॅपटॉप घेतलो?” तुझाच आहे म्हटल्यावर दुकानातल्या पीसीलाही हे घाल म्हणून मागे लागला. त्याचे हिशेब टॅलीवर आहेत आणि टॅली विंडोजवरच चालते. त्या पीसीला मी अजून हात लावलेला नाही.