बेंगळूरला मुक्काम: मॅजेस्टिक, मल्लेश्वरम की बसवनगुडी?

विधिमंडळाचं सुवर्णसौध बेळगावात उभं राहिलं, उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडला आलं, तरी सचिवालयातली फाईल, मेंदू-मनाच्या आजारांच्या निम्हान्स रुग्णालयातली तपासणी आणि मुलांच्या नोकऱ्या बेंगळूरलाच आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत वर्षातून एखादी तरी फेरी ठरलेली. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, प्रवास बहुधा रात्रीचा. उतरल्यावर बहुतेकजण स्टँडसमोरच्या लॉजचं भाडं विचारतात आणि तिथंच बॅग टाकतात. एकट्या माणसाच्या एका दिवसाच्या कामाला ते ठीक आहे. बायकामुलं बरोबर असतील, दवाखाना असेल किंवा दोन-तीन रात्री काढायच्या असतील, तर निघण्याआधी थोडा हिशेब केलेला बरा.

आधी घड्याळ, मग भाडं

बेळगावहून रात्री सुटणारी सुपरफास्ट आणि मिरजेकडून कुडची, रायबाग, घटप्रभा, बेळगाव, खानापूर करत जाणारी राणी चन्नम्मा, दोन्ही सकाळी पोहोचवतात. परतीच्या गाड्या रात्री नऊ आणि अकराच्या सुमारास. यामुळं खोलीच्या दरापेक्षा खोलीची वेळ महत्त्वाची ठरते.

लॉज दोन पद्धतींनी चालतात. ‘चोवीस तास’वाल्या लॉजमध्ये सकाळी सातला खोली घेतली की दुसऱ्या दिवशी सातला सोडायची. ‘बारा ते बारा’वाल्या हॉटेलात सकाळी सातला खोली मिळत नाही, मिळाली तर जादा पैसे. एक रात्र राहून दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परतणाऱ्याला चोवीस तासांचा लॉज स्वस्त वाटतो, पण दुसरा अख्खा दिवस सामान सांभाळत फिरावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं भरावं लागतं. बारा वाजताच्या हॉटेलात अडचण फक्त पहिल्या सकाळची. खोली सोडल्यावर बॅगा काउंटरवर ठेवून घेतात का, हे मात्र आधीच विचारून ठेवा.

पहिल्या सकाळची सोय स्टेशनवर होऊ शकते. केएसआर म्हणजे बेंगळूरच्या मुख्य स्टेशनला क्लोकरूम आहे. बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट दाखवावं लागतं. आंघोळ करून सरळ कामाला जायचं असेल तर रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी आयआरसीटीसीवर पीएनआर घालून आधीच घ्या. आयत्या वेळी सहसा भरलेली असते. ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेली वंदे भारत पहाटे पाचनंतर बेळगाव सोडते आणि दुपारी दोनच्या आत पोहोचवते. ती आठवड्यातून सहाच दिवस धावते. तिनं गेलात तर खोली लगेच मिळते, पण कचेरीचा तो दिवस जवळपास गेलाच.

फोनवर तीनच गोष्टी विचारा: खोली किती वाजता द्यायची आणि सोडायची, गरम पाणी किती ते किती, आणि रस्त्याकडं उघडणारी खिडकी आहे का. गरम पाणी पुष्कळ ठिकाणी सकाळी ठरावीक वेळच येतं. आधारकार्ड प्रत्येकाचं न्या, मुलांचंही. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. कुणी १२ टक्के लावला तर तिथंच विचारा.

मॅजेस्टिक–गांधीनगर

फायदा उघड आहे. रेल्वे, केंपेगौडा बस स्टँड आणि मेट्रोच्या जांभळ्या-हिरव्या मार्गांचा संगम, सगळं चालण्याच्या अंतरात. स्टेशनला नाव आपल्या बैलहोंगल तालुक्यातल्या संगोळ्ळी रायण्णांचं. जांभळ्या मार्गावर इथून दुसरंच स्थानक विधानसौधचं. विकाससौध आणि एमएस बिल्डिंग या सरकारी कचेऱ्या, उच्च न्यायालय तिथून पायी. कचेरीचं काम, एक रात्र, एकटा माणूस, तर मॅजेस्टिकला तोड नाही.

अडचणी गल्लीबोळांच्या आहेत. स्टेशनाबाहेर ‘चांगला लॉज दाखवतो’ म्हणणाऱ्याचं कमिशन तुमच्याच भाड्यातून वसूल होतं. स्वस्त खोलीची खिडकी पुष्कळदा आतल्या डक्टमध्ये उघडते, हवा खेळत नाही. रात्री उशिरापर्यंत गाड्यांचा आवाज. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन इथं तीन रात्री काढणं आम्ही सुचवणार नाही. राहायचंच तर स्टँडसमोरची रांग सोडून गांधीनगरच्या आतल्या क्रॉसमध्ये, म्हणजे आडव्या रस्त्यांवर पाहा, आणि खोली बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

मल्लेश्वरम

कुटुंबासाठी आमचा कौल इकडं आहे. मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गानं पुढचंच स्थानक मंत्री स्क्वेअर संपिगे रोड. झाडी, देवळं, आठव्या क्रॉसचा बाजार, संध्याकाळी बायकांना आणि पोरांना निवांत फिरता येईल असे रस्ते. इथलं काडु मल्लेश्वर मंदिर मराठी माणसानं आवर्जून पाहावं असं: शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख इथला आहे.

इथं पत्ता क्रॉसच्या आकड्यावर ठरतो. पहिल्या क्रॉसपासून अठराव्यापर्यंत वस्ती पसरलेली, आणि मेट्रो एका टोकाला. ‘मल्लेश्वरम, मेट्रोजवळ’ असं लिहिलेलं हॉटेल पंधराव्या क्रॉसला निघालं तर दीड-दोन किलोमीटरचं अंतर पडतं. तान्ह्या मुलाला आणि बॅगांना घेऊन ते चालवत नाही. आठव्या क्रॉसच्या आतलं घ्या. खोल्या मॅजेस्टिकपेक्षा कमी आणि दर चढे. समजा तिकडं १,२०० आणि इकडं २,००० असेल, तर जीएसटी धरून रात्रीला ८४० रुपये जादा. हे पैसे प्रवासात वाचत नाहीत. ते झोपेचे आणि निर्धास्तपणाचे आहेत, हे समजूनच द्या.

बसनं येणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. गाडी तुमकूर रोडनं शहरात शिरते, त्यामुळं गोरगुंटेपाळ्य किंवा यशवंतपूरला उतरून हिरवी मेट्रो धरता येते. मॅजेस्टिकपर्यंतची वाहतुकीची कोंडी टळते. फक्त रविवारी मेट्रो सकाळी सातला सुरू होते. साडेपाचला उतरलात तर रिक्षाच. रेल्वेनं येणाऱ्यांनीही तिकिटावर यशवंतपूरचा थांबा आहे का, ते पाहावं.

बसवनगुडी–जयनगर

दवाखान्याचं काम असेल तर फारसा विचार नको, इकडंच या. निम्हान्स आणि किदवाई हे कॅन्सरचं रुग्णालय शेजारी-शेजारी, जयदेव हृदयरोग संस्था पिवळ्या मेट्रोच्या मार्गावर, आणि ती मेट्रो आर. व्ही. रोडला हिरव्या मार्गाला मिळते. ऑगस्ट २०२५ पासून रिक्षाचा दर पहिल्या २ किलोमीटरला ३६ रुपये आणि पुढं किलोमीटरला १८. मॅजेस्टिकहून निम्हान्स साधारण ७ किलोमीटर, म्हणजे १२६ रुपये; जयनगरहून ३ धरले तर ५४. रुग्णाजवळ दोन वेळा जाऊन-येऊन चार फेऱ्या होतात, त्यात दिवसाला २८८ रुपयांचा फरक, आणि ट्रॅफिकमधला वेळ वेगळा. रात्री दहा ते पहाटे पाच दीडपट भाडं असतं. मुक्काम लांबणार असेल तर दवाखान्याच्या समाजसेवा विभागात धर्मशाळेची चौकशी पहिल्याच दिवशी करा.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिशे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. बघण्यासारखी असते, पण त्या दिवशी बुल टेंपल रोडवर रिक्षा शिरत नाही.

व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीला मुलाच्या घरी उतरणार असाल तर भाडं वाचेल. मात्र मॅजेस्टिकहून व्हाइटफील्डला मेट्रोनंही पाऊण तासाच्या वर लागतं. सकाळी साडेदहाची कचेरी तिथून गाठायची तर नऊच्या आत निघायला हवं.

नाष्टा तिथला, जेवण आपल्याकडचं

बेंगळूरच्या सकाळला तोड नाही. उभं राहून खायच्या हॉटेलाला ‘दर्शिनी’ म्हणतात: आधी पैसे भरून टोकन, मग खिडकीवर प्लेट. इडली-वडा सांबारात बुडवून येतो. तसा नको असेल तर ‘सांबार बेरे कोडी’, म्हणजे सांबार वेगळं द्या, असं म्हणा. सांबारात गुळाचा गोडवा असतो, आपल्याकडच्या तिखट जिभेला पहिल्या घासाला खटकतो. खारा भात आणि केसरी भात एकाच प्लेटमध्ये हवा तर ‘चौचौ भात’. कॉफी दोघांत एक हवी तर ‘बाय टू’.

मल्लेश्वरमला उतरलात तर सातव्या क्रॉसला सीटीआरचा बेण्णे (लोण्याचा) मसाला डोसा आणि पंधराव्या क्रॉसकडं वीणा स्टोअर्सची इडली. दोन्हींत डावं-उजवं करायचं तर बसून खायला सीटीआर, घाईत वीणा. वीणाला बसायची सोय नाही, रस्त्यावर उभं राहूनच खातात. बसवनगुडीत विद्यार्थी भवन (१९४३) जाड, खरपूस डोशासाठी, शुक्रवारी बंद. शंकर मठाजवळच्या ब्राह्मिन्स कॉफी बारमध्ये डोसा नाही आणि सांबारही नाही. इडली, वडा आणि हवी तितकी चटणी, रविवारी बंद. लालबाग रोडचं एमटीआर (१९२४) रवा इडलीसाठी, सोमवारी बंद. हे वार लक्षात न ठेवल्यानं पुष्कळांची चक्कर वाया जाते. शनिवार-रविवारी नऊनंतर गेलात तर रांग अर्ध्या-पाऊण तासाची. सकाळी उघडतानाच जा.

दुपारी आणि रात्री मात्र भात-सांबारावर तीन दिवस निघत नाहीत. भाकरी हवी तर ‘जोळद रोट्टी ऊटा’ किंवा ‘उत्तर कर्नाटक खानावळी’ अशी पाटी शोधा: ज्वारीची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही. गांधीनगरात कामत यात्रीनिवास, राजाजीनगरात नळपाक ही नावाजलेली ठिकाणं. भाकरी गरम आणि मऊ हवी असेल तर तसं सांगा, नाहीतर कडक भाकरी पुढ्यात येते.

मांसाहारी माणसानं मिलिटरी हॉटेल चुकवू नये. नावात मिलिटरी असलं तरी ही घरगुती पद्धतीची खानावळच, आणि जुनी बरीचशी मराठा घराण्यांनी काढलेली. कॉटनपेटमधलं एस. जी. राव यांचं १९०८ पासून चालू आहे, मॅजेस्टिकपासून जवळ; जयनगरकडं असाल तर शिवाजी मिलिटरी हॉटेल, १९३५ चं. इथली दोन्ने बिर्याणी आखूड तांदळाची, पुदिना-कोथिंबिरीनं हिरवट; दोन्ने म्हणजे आपला द्रोणच. मुद्दे म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, तो चावायचा नसतो, रश्शात बुडवून गिळायचा. एकनंतर हवा तो पदार्थ संपलेला असतो, म्हणून साडेबाराला जाऊन बसा.

फिरण्याच्या खर्चात एक फरक सीमाभागातल्या लोकांनाच कळेल. कर्नाटकच्या पत्त्याचं आधारकार्ड असलेल्या बायकांना शक्ती योजनेत बीएमटीसीच्या, म्हणजे शहरातल्या, साध्या बसला भाडं नाही, आणि बेळगाव ते बेंगळूर साध्या सरकारी बसलाही नाही. स्लीपर आणि राजहंस या आरामगाड्यांना मात्र पूर्ण भाडं. बरोबर चंदगड किंवा गडहिंग्लजची नणंद, मावशी असेल तर तिचं तिकीट काढावंच लागेल. कंडक्टरला कार्ड काढून दाखवा आणि शून्य रकमेचं तिकीट घ्या; तपासनीस आला की तेच मागतो.