कॉर्डलेस फोनचे ‘जादा क्षमतेचे’ सेल आणि मुदत संपेपर्यंतचा सल्ला

घरातल्या कॉर्डलेस फोनसाठी ऑनलाइन मागवलेले रिचार्जेबल सेल बनावट निघाले, आणि तक्रार केल्यावर विक्रेत्याने बदली म्हणून जे पाठवले ते त्या बनावट सेलांपेक्षाही घातक होते. गेलेली रक्कम क्षुल्लक होती आणि तेवढ्यासाठी कोणी लिहीत बसणार नाही. परंतु ही फसवणूक ज्या पद्धतीने केली जाते ती फार बेमालूम आहे, आणि तिचा शेवट पैसे बुडण्यावर न थांबता चोवीस तास विजेला जोडलेल्या, बहुधा पलंगाशेजारी ठेवलेल्या एका उपकरणापर्यंत जातो, म्हणून सविस्तर सांगत आहे.

आजच्या बहुतेक कॉर्डलेस हँडसेटमध्ये रिमोटमध्ये घालतो त्याच मापाचे, म्हणजे ट्रिपल ए मापाचे, दोन निकेल मेटल हायड्राइड सेल असतात. प्रत्येक सेल 1.2 व्होल्टचा आणि दोन्ही मिळून 2.4 व्होल्ट. फोनसोबत येणाऱ्या सेलांची क्षमता साधारण 400 ते 750 मिलीअँपिअर-तास असते. माझ्या फोनच्या मूळ सेलांवर 550 हा आकडा छापलेला होता. काही वर्षांच्या वापरानंतर ते दमले, तेव्हा त्याच मापाचे नवे सेल शोधताना ‘खास कॉर्डलेस फोनसाठी’ अशी जाहिरात असलेले, 1800 मिलीअँपिअर-तास क्षमतेचे सेल दिसले. जाहिरातीतले छायाचित्र एका नामांकित उत्पादनाच्या वेष्टनाशी मिळतेजुळते होते, अभिप्राय भरभरून चांगले होते आणि खाली एक ओळ होती की या सेलांमुळे वीज गेल्यावरही बोलणे सुरू राहील. ही शेवटची ओळ तर उघड खोटी आहे. बहुतेक कॉर्डलेस फोनचा बेस थेट विजेवर चालतो आणि बेस बंद पडला की हँडसेटमधले सेल कितीही दमदार असले तरी फोन लागत नाही. ज्यांना वीज नसताना आणीबाणीत फोनची गरज पडू शकते, त्यांनी तारेचा एक साधा फोन किंवा मोबाइल हाताशी ठेवावा, कारण सेल बदलून हा प्रश्न सुटत नाही.

सेल बसवल्यावर प्रथम सारे ठीक वाटते, आणि याच कारणाने ही लबाडी पचते. हँडसेट दिवसातला बहुतेक वेळ बेसवर विसावलेला असतो, आपण तो उचलतो, चार मिनिटे बोलतो आणि परत ठेवतो. पडद्यावरचे बॅटरीचे चिन्ह बहुतांश फोनमध्ये सेलचा दाब म्हणजे व्होल्टेज पाहून किंवा चार्जिंगचा वेळ मोजून ठरते, आत साठा किती आहे ते त्याला कळत नाही. निकृष्ट सेलचा अंतर्गत विरोध जास्त असतो, त्यामुळे चार्जिंग सुरू होताच त्याचा दाब झटकन वर चढतो आणि चिन्ह लगेच भरलेले दिसते. ‘नवे सेल किती लवकर चार्ज होतात’ असे कौतुकाने लिहिलेले अभिप्राय मला नंतर नेमके याचा पुरावा वाटले. खरी परीक्षा लांबलचक संभाषणात होते. बोलताना हँडसेटला जास्त प्रवाह लागतो, तो देताना सेलचा दाब कोसळतो आणि अर्ध्या तासाच्या आत इशाऱ्याची शिटी वाजू लागते. फोन बेसवर ठेवला की थोड्याच वेळात चिन्ह पुन्हा भरलेले दिसते. माणूस फोनवर, बेसवर, अॅडॉप्टरवर संशय घेतो, मात्र नुकत्याच आणलेल्या सेलांवर घेत नाही.

संशय दूर करण्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरतो. या मापाच्या चांगल्या निकेल मेटल हायड्राइड सेलचे वजन साधारण 11 ते 13 ग्रॅम भरते. माझे जुने, दमलेले सेल त्याच वजनाचे होते, आणि तिप्पट क्षमतेचा दावा करणारे नवे सेल मात्र जेमतेम 8 ग्रॅमचे. क्षमता येते ती आतल्या धातूंच्या थरांमुळे, तेव्हा माल कमी असेल तर वीज साठणार कुठे? नंतर क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर ते पूर्ण भरून रिकामे केले, तेव्हा 1800 च्या जागी 150 च्या आसपासचा आकडा आला. खरे तर मोजण्याचीही गरज नव्हती. ट्रिपल ए सेलचा व्यास 10.5 मिलिमीटर आणि लांबी 44.5 मिलिमीटर, म्हणजे सगळे घनफळ चार घनसेंटिमीटरहूनही कमी. एवढ्या जागेत या रसायनाचे उत्तमातले उत्तम सेलही 1000 ते 1100 च्या पुढे जात नाहीत. त्यामुळे या मापाच्या सेलवर 1500, 1800 किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, तर तो आकडाच बनावटपणाची कबुली समजावी. मोठ्या पेन्सिल सेलवर 2000 किंवा 2500 हे आकडे खरे असू शकतात, आणि दोन मापांमधला हा फरक सर्वांच्या लक्षात राहत नाही, याचाच फायदा उठवला जातो.

यानंतर विक्रेत्याशी जो पत्रव्यवहार झाला, त्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्याने तक्रार फेटाळली नाही आणि आवाजही चढवला नाही. अत्यंत नम्रपणे त्याने कळवले की नवे सेल पहिल्यांदा 12 ते 16 तास चार्ज करावे लागतात, तसे केले का? ही गोष्ट खरी आहे, फोनच्या माहितीपुस्तिकेतही तेच लिहिलेले असते. पुढच्या उत्तरात त्याने सांगितले की असे सेल काही वेळा पूर्ण भरून रिकामे केल्यावरच पूर्ण क्षमतेला येतात, तेव्हा थोडा धीर धरा. हेही खरे आहे, बराच काळ पडून राहिलेले सेल असेच वागतात. मग बेसच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा, ही सूचना आली आणि तीही वाजवी होती. प्रत्येक सूचना अमलात आणायला काही दिवस जातात, प्रत्येक उत्तर यायला काही दिवस लागतात, आणि या सभ्य देवाणघेवाणीत माल परत करण्याची मुदत हळूच निघून जाते. मुदत संपताच उत्तरांचा सूर बदलला आणि ‘सेल वापरलेले असल्याने परत घेता येणार नाहीत’ असे कळवण्यात आले. जो सल्ला एरवी योग्य ठरला असता, तो येथे वेळ काढण्याचे हत्यार म्हणून वापरला गेला. काही फेऱ्यांनी सेलची क्षमता थोडी सुधारते हे मान्य, पण 8 ग्रॅमच्या सेलमध्ये न घातलेला माल कितीही वेळा चार्ज केल्याने उत्पन्न होत नाही. म्हणून वजनातला फरक दिसला की त्याच दिवशी परतीची रीतसर नोंद करावी आणि उरलेले प्रयोग त्यानंतर करावेत.

खोटी क्षमता म्हणजे केवळ कमी वेळ बोलता येणे, असे समजून गप्प बसणारे पुष्कळ असतात. येथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो. बेस हँडसेटला जो प्रवाह पुरवतो तो मूळ सेलांच्या क्षमतेकडे पाहून ठरवलेला असतो. 550 क्षमतेच्या सेलला 55 मिलीअँपिअरचा प्रवाह म्हणजे क्षमतेचा दहावा हिस्सा, आणि चांगला सेल तेवढा जादा प्रवाह बराच काळ उष्णतेच्या रूपाने पचवू शकतो. त्याच जागी प्रत्यक्षात 150 क्षमतेचा सेल असेल तर तोच प्रवाह एक तृतीयांशाहून अधिक भरतो. सेल लवकर भरतो, भरल्यानंतरची सारी ऊर्जा तापण्यात जाते आणि साधा बेस प्रवाह पूर्ण बंद करत नसेल तर हे रात्रंदिवस चालू राहते. हँडसेट बेसवर किंचित कोमट लागणे स्वाभाविक आहे, पण सेलांचे झाकण गरम लागत असेल, सेल फुगला असेल किंवा टोकाशी पांढरट पापुद्रा दिसत असेल, तर ते सेल काढून टाकावेत. आतला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे दाहक अल्कली असतो. तो हाताला लागला तर भरपूर पाण्याने धुवावा आणि डोळ्यात गेला तर पाण्याने धुणे चालू ठेवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

आता बदली सेलांविषयी. मी अभिप्रायात वजनाचा फोटो टाकल्यावर विक्रेत्याने ‘सद्भावना म्हणून अधिक शक्तिशाली सेल’ विनामूल्य पाठवले. माप तंतोतंत तेच, वेष्टन देखणे, आणि बाजूला बारीक अक्षरांत 3.7 व्होल्ट व 10440 हे आकडे. हे लिथियम-आयन सेल होते. 10440 हा अंक त्यांचा 10 मिलिमीटर व्यास आणि 44 मिलिमीटर लांबी सांगतो, त्यामुळे ते ट्रिपल एच्या खाचेत सहज बसतात. असे दोन सेल घातले तर 2.4 व्होल्टसाठी बनवलेल्या हँडसेटला 7.4 व्होल्ट मिळतात आणि पूर्ण भरलेले असल्यास 8.4. हँडसेट जळणे हा त्यातला सौम्य परिणाम म्हणावा लागेल, कारण लिथियम-आयन सेलचे चार्जिंग 4.2 व्होल्टवर अचूक थांबवावे लागते आणि निकेलच्या सेलांसाठी केलेल्या बेसमध्ये तशी कोणतीही व्यवस्था नसते. मर्यादेबाहेर भरलेला असा सेल पेट घेऊ शकतो. तक्रारदाराची समजूत काढण्यासाठी अशी वस्तू पाठवणाऱ्याला अज्ञानी म्हणावे की निष्ठुर, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

याच जाहिरातींच्या रांगेत आणखी काही प्रकार दिसतात. जुन्या हँडसेटमध्ये तीन सेल एकत्र गुंडाळलेला, वायर आणि छोटा प्लग असलेला 3.6 व्होल्टचा संच असतो. ‘सर्व फोनना चालणारा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचाचा प्लग बसतो, पण लाल आणि काळी वायर उलट बाजूला असू शकते, म्हणून जुना संच शेजारी ठेवून रंगांचा क्रम जुळवूनच जोडणी करावी. रिचार्जेबल नसलेले अल्कलाइन सेल तर हँडसेटमध्ये कधीही घालू नयेत. त्यांना चार्जिंगचा प्रवाह मिळाला की आत वायू तयार होतो आणि सेल गळतो किंवा फुटतो. जुना आणि नवा सेल यांची जोडीही लावू नये, कारण दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलट दिशेने ढकलत राहतो.

सेल घेताना रसायनाचे नाव, 1.2 व्होल्ट आणि फोनच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याच्या आसपासची क्षमता, एवढे जुळले की पुरे. खरोखर 800 क्षमतेचा सेल 550 च्या जागी चालतो, त्याला भरायला तेवढा जास्त वेळ लागतो इतकेच. पाकीट उघडताना फोटो काढावेत, सेल बसवण्याआधी काट्यावर ठेवलेला फोटो घ्यावा, आणि वेष्टनाचे प्लॅस्टिक सैल किंवा दुहेरी वाटले तर अधिक सावध व्हावे, कारण वापरलेल्या सेलांना नवे वेष्टन चढवून विकण्याचा धंदाही चालतो.

विक्री करून देणाऱ्या संकेतस्थळाने मुदतीचे कारण सांगून प्रथम माझी तक्रार बंद केली होती. 3.7 व्होल्टच्या सेलांचे छायाचित्र आणि फोनच्या पुस्तिकेतले पान जोडून ‘धोकादायक वस्तू’ या सदराखाली ती नव्याने नोंदवल्यावर पैसे परत मिळाले आणि ती जाहिरात काढण्यात आली, मात्र त्या विक्रेत्याच्या इतर वस्तू अद्याप विक्रीस आहेत. दोन्ही प्रकारच्या सेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावून मी ते बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात वेगवेगळ्या पिशव्यांत दिले आणि लिथियमच्या पिशवीवर तसे लिहिले.