पर्पल मार्टिनचे प्लॅस्टिक भोपळे: दोन मोसमांनंतर

पर्पल मार्टिन हा अमेरिकेतला पाकोळीसारखा पक्षी. त्याच्या घरट्यासाठी खांबावर भोपळ्याच्या आकाराची पोकळ घरं टांगतात. अमेरिकेत ह्यूस्टनजवळ आमच्या मागच्या अंगणात असे सहा भोपळे आणि चौदा फुटी खांब उभा करून दोन मोसम झाले. खांब, कप्पी, दोरी ठणठणीत. मला बोलायचंय ते दाराबद्दल.

संच गोल भोकांचा आला. पहिल्या फेब्रुवारीत एक जांभळा नर घिरट्या घालून गेला आणि मागोमाग स्टार्लिंग घुसले. 1890 साली न्यूयॉर्कमध्ये आणून सोडलेला हा पक्षी, आपल्या साळुंकीच्याच कुळातला; तो मार्टिनचं घर बळकावतो आणि आतल्यांना मारतोही. चोक्टॉ, चिकसॉ हे इथले मूळनिवासी लोक मार्टिनसाठी पूर्वीपासून पोखरलेले भोपळे टांगत आले. आज अमेरिकेच्या पूर्वेकडचे मार्टिन माणसाने दिलेल्या घरांतच जवळपास सगळी वीण करतात. मग त्या घरात त्यांना मरण येणार असेल तर टांगणारा जबाबदार नाही का? विक्रेत्याकडे दारं बदलून मागितली. उत्तर आलं, "गोल भोकही चालतं." शेवटी अर्धचंद्राकृती दारं पदरच्या पैशाने घेतली आणि रागाच्या भरात परीक्षणात संचाला एकच तारा दिला.

तो आज बदलतोय. या दाराची उंची जेमतेम 30 मिलिमीटर. स्टार्लिंग अडतो, मार्टिन पोट घासत आत सरकतो. फक्त दाराची खालची कड बाहेरच्या पायरीला जवळजवळ टेकायला हवी. मी इंचभर वर बसवलं होतं तेव्हा स्टार्लिंग पुन्हा आत गेले. ती चूक माझी, कंपनीची नव्हे.

चिमणीला मात्र हे दार अडवत नाही. ही आपलीच घरचिमणी, पण इथे परकी, त्यामुळे तिचं घरटं काढायला कायद्याची आडकाठी नाही. मुलीला "एक घास चिऊचा" म्हणत भरवलंय मी, हात जड होतो. पण पहिल्या वर्षी उशिरा आलेल्या मार्टिनच्या कोवळ्या जोडीची अंडी तिने फोडलेली पाहिली. आता दर आठवड्याला काडी न् काडी बाहेर काढतो.

यंदा मे महिन्यात तिसरा भोपळा खाली घेतला, झाकण फिरवलं. हिरव्या पानांवर पाच पांढरीशुभ्र अंडी, एकावरही ठिपका नाही. म्हणजे चिमणीची नव्हेत. मादी तारेवरून बघत होती. भोपळा वर चढवला तशी दोन मिनिटांत ती आत गेली. जूनच्या अखेरीस पाचही पिल्लं उडाली.

चार तारे. पुढचे भोपळे विकत घेणार नाही. खरा मार्टिनचा भोपळा म्हणजे तंबोऱ्याला लावतात तसला गोल, जाड सालीचा दुधी. कुंपणावर दोन वेल सोडलेत. दारं मात्र विकतचीच लावणार.