टीआय-८४ प्लस सीई: आठ महिने वापरल्यानंतर

ऑगस्टमध्ये लेकीच्या शाळेच्या यादीत ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेख काढणारा कॅल्क्युलेटर, होता. इथे न्यू जर्सीत वह्या-पेन्सिलींइतकीच ही मागणी नेहमीची. टीआय-८४ प्लस सीई घेतला. आता एप्रिल आहे. तिच्या अल्जेब्रा टूच्या (इथल्या बीजगणिताच्या दुसऱ्या कोर्सच्या) वर्गात तो वर्षभर मुख्यतः एकाच कामाला जुंपलेला असतो: वर्गसमीकरणाचा आलेख अक्षांना कुठे छेदतो ते शोधणे. म्हणून तेवढ्याच कामाबद्दल लिहिते.

आधी माझं सांगते. मी मराठी माध्यमातली. दहावीत वर्गसमीकरणं मन लावून केली: अवयव, पूर्ण वर्ग, सूत्र, विवेचक (वास्तव मुळे दोन, एक की एकही नाही ते सांगणारी राशी). पण एकाही समीकरणाचा आलेख काढल्याचं आठवत नाही. मुळे, म्हणजे उत्तरं, लिहिली, खाली दोन रेघा मारल्या, पुढचं गणित. तेच मूळ म्हणजे वक्र आडव्या अक्षाला टेकतो ती जागा, हे चाळिशीत या डब्यावर प्रत्यक्ष दिसलं.

पद्धत अशी. वाय-इक्वल्सचं बटण दाबून समीकरण भरायचं, ग्राफ दाबायचं. मग सेकंड आणि ट्रेस दाबलं की कॅल्कचा मेनू उघडतो. उभ्या अक्षावरचा छेद हवा तर पहिला पर्याय, व्हॅल्यू, आणि शून्य टाकायचं. आडव्या अक्षासाठी दुसरा पर्याय, झिरो. इथे यंत्र एकदम उत्तर देत नाही, उलट आपल्यालाच विचारतं: लेफ्ट बाउंड? राइट बाउंड? गेस? म्हणजे मूळ कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे ते आधी तुम्ही सांगा, नेमकी जागा मी शोधतो. पहिल्या आठवड्यात लेक वैतागली, ‘आई, मला माहीत असतं तर याला कशाला विचारलं असतं?’ मला मात्र हा प्रश्नच आवडला.

सगळ्यात जास्त शिकवलं ते चेंडूच्या गणिताने. य = −१६क्ष² + ४८क्ष + ५. चेंडू ५ फुटांवरून वर फेकला, क्ष म्हणजे सेकंद, य म्हणजे उंची. (मीटरमध्ये मोजलं तर इथे ४.९ येतो, आम्ही त्यावर वाढलो. हे १६ म्हणजे तेच, गुरुत्वीय त्वरणाचं अर्धं, फक्त फुटांत.) झूममधलं सहावं, स्टँडर्ड, दाबलं की दोन्ही अक्ष −१० ते १० होतात. पडद्यावर दोन जवळजवळ उभ्या रेघा आल्या, कमान कुठेच नाही. लेक म्हणाली, कॅल्क्युलेटर बिघडला. बिघडला नव्हता. चेंडू दीड सेकंदाला ४१ फुटांवर जातो आणि आमची खिडकी १० वर संपत होती. विंडोमध्ये क्ष −१ ते ४ आणि य −१० ते ५० केलं, तेव्हा कमान दिसली.

उजवीकडचं मूळ ३.१ च्या आसपास सहज मिळालं. डावीकडचं −०.१ च्या जवळ, उभ्या अक्षाला अगदी खेटून. बाणाने कर्सर सरकवताना तो सारखा पलीकडे जायचा. बाण सोडून सरळ आकडेच टाइप करता येतात, हे आम्हाला महिनाभराने कळलं: −१ एंटर, ० एंटर, पुन्हा एंटर. आता बाणाला आम्ही हात लावत नाही. ते ऋण उत्तर लेकीने वहीत खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘तेव्हा बॉल हातातच होता.’ व्हॅल्यूमध्ये शून्य टाकून आलेले ५ म्हणजे हाताची उंची, हे मग सांगावं लागलं नाही.

चुका बहुतेक आमच्याच. ऋण चिन्हाचं बटण वेगळं आणि वजाबाकीचं वेगळं. समीकरणाच्या सुरुवातीला वजाबाकीचं दाबलं की सिंटॅक्स एरर. माझ्या हाताला हे अजून वळण नाही.

पण काही अडचणी कॅल्क्युलेटरच्याही. क्ष² − ६क्ष + ९ घ्या. आलेख अक्षाला ३ वर फक्त टेकतो, ओलांडत नाही. झिरोची रीत चिन्ह बदलतं का ते पाहण्यावर चालते. इथे दोन्ही बाजूंना धनच, त्यामुळे तो अडला. मग त्याच मेनूतलं मिनिमम वापरायचं. तेही ३ ऐवजी २.९९९९ अशा थाटाचा आकडा दाखवू शकतं. विवेचक शून्य आहे हे आधी काढलं असेल तर तो ३ आहे हे ओळखता येतं. नाहीतर मूल प्रामाणिकपणे २.९९९९ उतरवतं. तसंच क्ष² − ४क्ष + १ चं. पडद्यावर ३.७३२०५०८, आणि बाईंना हवं २ + √३. अर्धा गुण गेला तो इथे.

त्यामुळे आमच्या घरी नियम झालाय: आधी वहीत विवेचक, मग बटणं. विवेचक ऋण असेल तर कॅल्क्युलेटर उघडायचाच नाही, आलेख आडव्या अक्षाला भेटणारच नाही.

विकत घ्यावा का? शाळा वापरायला देत असेल तर तिथून घ्या, स्वस्त वस्तू नाही ही. नुसते छेद बघायचे असतील तर डेस्मॉस हा इंटरनेटवरचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर फुकट आहे आणि वक्रावर टिचकी मारली की बिंदू दाखवतो. अमेरिकेतली एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, २०२४ पासून संगणकावर आहे आणि डेस्मॉस तिच्यातच दिलेला असतो. पण वर्गातल्या चाचणीत लेकीला फोन-लॅपटॉप चालत नाही, म्हणून आमच्याकडे हाच.

याला पेन्सिल सेल लागत नाहीत, चार्ज करावा लागतो, आणि केबल मिनी यूएसबीची. घरातल्या एकाही फोनची केबल याला चालत नाही. याची केबल आता रबरबँड लावून मसाल्याच्या डब्याशेजारच्या खणात ठेवलीय, कारण तो खण दिवसातून चारदा उघडतो आणि चाचणीच्या आदल्या रात्री शोधाशोध नको.